१९८५ ची व्हिंटेज पोर्ट: दोनपैकी एक बाटली उघडली

बाटली गुरुवारी रात्रीच उभी करून ठेवली होती आणि रविवारपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही असं घरात बजावून ठेवलेलं. आडवी ठेवलेली जुनी पोर्ट वाइन तशीच उचलून उघडली तर संपलंच, इतक्या वर्षांत काचेच्या एका अंगाला जो गाळ धरलेला असतो तो सगळा ढवळून वर येतो आणि ग्लासात चिखल. म्हणून तीन दिवस उभी. आमच्या लेकीने दोनदा विचारलं की ती बाटली कोपऱ्यात शिक्षा झाल्यासारखी का उभी आहे, मग तिला गाळाचं सांगितलं, टॉर्च लावून दाखवायचा प्रयत्न केला पण व्हिंटेज पोर्टची काच इतकी काळी असते की नुसती सावली हलल्यासारखी वाटली, तेवढ्यावरच ती खूश.

थोडं मागचं सांगतो. आम्ही सहा वर्षं झाली पोर्तुगालमध्ये, पोर्तोला राहतोय, म्हणजे खरं तर नदीच्या अलीकडे, व्हिला नोव्हा दे गायामध्ये, जिथे पोर्टची सगळी जुनी गोदामं आहेत. दोरो नदी, तिच्यावर १८८६ चा तो लोखंडी लुईस पूल, पलीकडे पोर्तो शहर आणि अलीकडे उतारावर लाल कौलांची गोदामं एकाला एक चिकटून. आमच्या गल्लीत पावसाळी सकाळी भिंतींतून ओल्या लाकडाचा आणि वाइनचा मिळून एक वास येतो, तो आता इतका सवयीचा झालाय की सांगलीला गेलो की चुकल्यासारखं होतं.

मी १९८५ च्या नोव्हेंबरातला. त्या वर्षीची द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात काढली, म्हणजे माझा जन्म झाला तेव्हा ही वाइन जेमतेम महिना-दीड महिन्याची, वरच्या खोऱ्यात कुठेतरी पिंपात पडलेली असणार. दोन वर्षांपूर्वी इथल्या एका दुकानात त्या सालच्या दोन बाटल्या मिळाल्या, एकाच घराण्याच्या (म्हणजे पोर्ट बनवणाऱ्या कंपनीच्या), एकाच पेटीतल्या, एकेकीला १२० युरो मोजले. घराण्याचं नाव लिहीत नाही कारण एका बाटलीवरून कोणाला मार्क देणं मला बरोबर वाटत नाही, चाळीस वर्षांत प्रत्येक बाटली आपापली वेगळी होते, बूच वेगळं, पडून राहिलेली जागा वेगळी. तर बेत असा होता की एक माझ्या चाळिसाव्याला उघडायची आणि दुसरी लेक १८ वर्षांची होईल तेव्हा, म्हणजे २०३५ साली. पण ती तोवर टिकेल का? हे पहिली उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. म्हणून यावेळी नुसतं पिणं नव्हतं, नीट बसून तपासायचं होतं.

आणि तपासायला खालच्या मजल्यावरचे काका. तोंडावर मी त्यांना सिन्योर म्हणतो पण मनात काकाच. गायातल्या एका गोदामात तीसेक वर्षं नोकरी, आधी पिंपं हलवायची, धुवायची, मग हळूहळू चाखण्याच्या खोलीत. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. बोलतात कमी. मी पहिल्यांदा त्यांना ८५ ची बाटली आहे म्हणून सांगितलं तेव्हा कुठल्या घराण्याची, कितीला घेतली, काही विचारलं नाही, एवढंच विचारलं की बाटलीत पातळी कुठवर आहे. मी धावत जाऊन बघून आलो, मानेच्या बुडाशी. मग म्हणाले ठीक आहे, चाळीस वर्षांच्या मानाने चांगली आहे, खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असती तर बूच गळतंय असं समजलो असतो.

आता आपल्याकडच्या लोकांसाठी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. आपल्याकडे पोर्ट वाइन म्हटलं की गोव्याहून येताना बॅगेत घातलेली ती गोड लाल बाटली डोळ्यासमोर येते, माझ्याही यायची, आमच्या ओळखीत ती ख्रिसमसच्या केकसाठी म्हणून आणली जायची आणि तिच्यावर माझा काही राग नाही. पण इथली पोर्ट म्हणजे दोरोच्या ठरवून दिलेल्या खोऱ्यातलीच द्राक्षं, ती हद्द १७५६ मध्ये पोर्तुगालचा तेव्हाचा मंत्री मार्किस दे पोंबालने आखून दिली, आणि त्यातही व्हिंटेज म्हणजे फक्त एका चांगल्या सालची, तीसुद्धा घराण्याने त्या वर्षाला योग्य म्हणून जाहीर केलं आणि इथल्या वाइन संस्थेने चाखून मान्य केलं तरच. साधारण दहा वर्षांत तीनदा असं होतं. १९६३, १९७०, १९७७, मग १९८५, ही त्यातली मोठी नावं. ८५ तर जवळपास सगळ्यांनीच जाहीर केलेलं.

बनते कशी ते एकदा बघायला मिळालं होतं, दोरोच्या वरच्या खोऱ्यात पिन्यावच्या बाजूला, ट्रेनने गेलो होतो नदीच्या कडेकडेने, तो प्रवास आयुष्यात एकदा करावाच. डोंगर असे पायऱ्या पायऱ्या खणलेले आणि माती म्हणाल तर मातीच नाही, शिस्ट नावाचा पापुद्र्यांचा खडक, हाताने पापुद्रे निघतात, आणि त्या भेगांत वेलाची मुळं पाण्यासाठी खोल खोल जातात. द्राक्षं तोरिगा नासियोनाल, तोरिगा फ्रांका, तिंता रोरिझ वगैरे. ती ग्रॅनाइटच्या उथळ हौदात टाकून, लोक खांद्याला खांदा लावून ओळीने तुडवतात. पायानेच का, तर साल पूर्ण फुटावी पण बी फुटू नये, बी फुटली की कडवट. वेळ फार थोडा असतो, दोन-तीन दिवसांत सालीतला सगळा रंग आणि तुरटपणा काढायचा कारण नंतर त्यात ७७ टक्क्यांचं द्राक्षांचंच स्पिरिट ओततात, साधारण चार भाग रसाला एक भाग, आणि आंबणं तिथेच थांबतं. अर्धीअधिक साखर तशीच राहते. म्हणून गोड, आणि म्हणून २० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. मग दोनेक वर्षं मोठ्या पिंपात आणि तिथून न गाळता सरळ बाटलीत. माझी १९८७ मध्ये बाटलीत गेली. टॉनी नावाची जी पोर्ट असते ती लाकडात म्हातारी होते, हवा लागून तपकिरी होते, अक्रोडासारखी लागते. व्हिंटेजचं म्हातारपण सगळं काचेत, अंधारात, हवेशिवाय. त्यामुळे ती इतकी सावकाश बदलते आणि बदललीय किती ते बाहेरून कोणालाच सांगता येत नाही.

रविवारी दुपारी तीनला काका वर आले, येताना स्वतःचे चार ग्लास टॉवेलात गुंडाळून आणलेले. आमच्या घरातले ग्लास त्यांनी नाकाला लावून बघितले आणि बाजूला ठेवले, कपाटाचा वास येतोय म्हणाले, आणि खरंच येत होता, एवढे दिवस मला कधी कळलं नव्हतं. सोबत एक साधी एलबीव्ही (लेट बॉटल्ड व्हिंटेज, एकाच सालची पण पिंपात जास्त वर्षं राहिलेली पोर्ट) पण उघडायची असं त्यांनी आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं, वीस युरोच्या आतली, तरुण. म्हणाले म्हाताऱ्या वाइनला एकटीला बसवून मोजता येत नाही, शेजारी एक तरुण पाहिजे.

बूच काढणं हा सगळ्यात धाकधुकीचा भाग. या बाटल्यांची मान मध्ये थोडी फुगीर असते आणि बूच वर्षानुवर्षं फुगून तिथे बसतं, वरच्या अरुंद भागातून ते सबंध बाहेर येणं कठीण. मोठ्या ठिकाणी लोखंडी चिमटा लालबुंद तापवून बाटलीच्या मानेला धरतात, मग त्याच जागी गार पाणी लावतात आणि मान टक्कन तुटते, बुचासकट. मी ते एकदा हॉटेलात बघितलंय, बघायला फार छान दिसतं. घरात तसलं काही नव्हतं. मी दोन पात्यांचा ओपनर बुचाच्या कडेने सरकवला, काकांनी बाटली खाली टेबलाला दाबून धरली आणि अगदी हळूहळू पिळत ओढलं, तरी दोन तृतीयांश बाहेर आलं आणि खालचा तुकडा आत तुटून राहिला. माझ्या छातीत धस्स झालं. काकांना काहीच वाटलं नाही, बाहेर आलेला भाग त्यांनी उलटसुलट बघितला, कडेने वाइन किती वर चढलीय ते नखाने दाखवलं, निम्म्यापेक्षा थोडं कमी, मग वास घेतला आणि मला दिला. बुचावर साल छापलेलं असतं. १९८५. ते बघून कसं वाटलं ते सांगता येणार नाही, माझ्याच वयाचं लाकूड.

उरलेला तुकडा बाहेर काढायच्या नादाला लागलो नाही, नरसाळ्यात मलमलचा धुतलेला तुकडा घातला (साबणाने नाही, नुसत्या उकळत्या पाण्याने, नाहीतर साबणाचा वास उतरतो) आणि काकांनी डिकँटरमध्ये, म्हणजे वाइन काढून ठेवायच्या काचेच्या भांड्यात, ओतायला सुरुवात केली. मानेच्या मागे मेणबत्ती. मी मोबाइलचा टॉर्च पुढे केला तर नको म्हणाले, डोळे दिपतात. एका हाताने, न थांबता, एकाच धारेने, कारण मध्ये थांबून बाटली सरळ केली की आत लाट उठते आणि गाळ हलतो. जवळपास पाच मिनिटं खोलीत कोणी बोललं नाही. शेवटी मेणबत्तीच्या उजेडात मानेशी एक काळी रेघ यायला लागली, धुरासारखी, आणि ती दिसली त्या क्षणी ते थांबले. खाली साधारण अर्धा कप राहिला असेल. ते मी नंतर वेगळं बघितलं, बोटांत चोळून बघितलं, ओल्या कॉफीच्या चोथ्यासारखं पण त्याहून चिकट. म्हणजे काय तर वाइनमधला रंग आणि तुरटपणा वर्षानुवर्षं एकमेकांना धरत जातात, धरून जड होतात आणि खाली बसतात. वाइन फिकी होत जाते आणि मऊ होत जाते ती याच्यामुळेच. तो गाळ म्हणजे तिच्या तरुणपणीचा राकटपणा.

पहिला ग्लास आधी नुसता विसळायला. थोडीशी वाइन घालून फिरवून सिंकमध्ये. मला जीवावर आलं, पण ठीक.

मग रंग. पांढरा कागद टेबलावर, दोन्ही ग्लास तिरके. एलबीव्ही जांभळी-काळी, कडेपर्यंत एकच रंग, तिच्यातून कागदावरचं काही दिसत नाही. ८५ मात्र मधोमध डाळिंबाच्या दाण्यासारखी, तिच्यातून माझं बोट दिसत होतं, आणि कडेला बोटभर रुंदीचा पट्टा, विटेचा रंग, आणि अगदी टोकाला आंब्याच्या कोवळ्या पालवीसारखी तांबूस छटा. काकांनी बराच वेळ ती कडच बघितली. ती कड पाणचट किंवा हिरवट दिसली असती तर काळजी. दिसली नाही. त्यांनी कागदावर पेन्सिलने एक शब्द लिहिला आणि झाकून ठेवला.

वास घेतला आणि माझा चेहरा पडला. काहीच नाही. नाही म्हणजे होतं, बंद खोलीचा, पावसाळ्यात न उघडलेल्या ट्रंकेचा वास, आणि त्याच्यावर स्पिरिटची टोचणी. आणि माझ्या डोक्यात एकच, बूच सडलं असणार. खराब बुचाची वाइन मी आधी एकदा अनुभवलीय, ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो आणि फळ सगळं मेलेलं. शिवाय ८५ सालाबद्दल इथे नेहमी बोललं जातं की उत्तम साल पण काही बाटल्यांत उडता आंबटपणा जास्त, म्हणजे नेलपॉलिशसारखं काहीतरी नाकात जातं. मी दोन्ही शोधायला लागलो आणि शोधायला लागलं की सापडतंच. काकांना विचारलं तर म्हणाले, सहाला बघू. मी म्हटलं पण बूच? तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी लक्षात ठेवणार आहे, की बाटलीत कोंडल्याचा वास हवा लागली की जातो आणि सडक्या बुचाचा वास हवा लागली की वाढतो, म्हणून आत्ता वाद घालायचा नाही, घड्याळाकडे बघायचं. आणि ते चक्क खाली जाऊन झोपले.

ते तीन तास मला फार लांब गेले. बायको शांत होती.

तिच्याबद्दल सांगायला हवं कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. ती तासगावची. घरची द्राक्षबाग, आणि उरलेल्या मालाचा बेदाणा, म्हणजे लहानपणी मार्च-एप्रिलमध्ये शाळेतून आली की बेदाण्याच्या शेडमध्ये. जाळ्यांवर द्राक्षं पसरलेली, डिपिंग ऑइलचा वास, गंधकाची धुरी, आणि त्यात रोज बदलत जाणारा द्राक्षांचा वास. ती डोळे मिटून सांगते की माल पाचव्या दिवसाचा आहे की बाराव्या. वाइन ती फारशी पीत नाही, दोन घोट पुरे होतात तिला, पण तिचं नाक माझ्यापेक्षा शंभर पटींनी पुढे आहे. मी इथे वाइनचा एक कोर्स केला होता, त्यात वासांची एक यादी पाठ करायला लावतात, ब्लॅककरंट, सीडर, लिकोरिस, आणि मी ती इमानदारीने पाठ केली, पण ब्लॅककरंट मी जन्मात झाडावरचं खाल्लेलं नाही, मग मला ते ग्लासात सापडणार कसं, मी नुसतं बरोबर उत्तर शोधत बसायचो.

सहाला काका आले. ग्लास भरले, थोडेच, एक तृतीयांश, आणि दहा मिनिटं कोणी एकमेकांशी बोलायचं नाही हा त्यांचा नियम. मी नाक घातलं आणि ती ट्रंक गेली होती! खरंच गेली होती. पुठ्ठा नाही, नेलपॉलिश अगदी किंचित, असल्यासारखं, त्याने उलट वास वर उचलला जात होता. मी वहीत लिहायला लागलो आणि यावेळी यादी बाजूला ठेवली, जे येईल ते लिहिलं. सुकलेले गुलाब. डब्याच्या तळाची चहापत्ती. आजोबांची तपकीर. कोको. आणि एक राळेसारखा, उन्हात तापलेल्या झुडपाचा वास, तो मला एकदम ओळखीचा वाटला, पिन्यावच्या उतारावर एश्तेवा नावाचं एक चिकट पानांचं झुडूप सगळीकडे असतं, त्याची पानं चोळून आम्ही हात हुंगले होते, तोच. खालच्या बाजूला गोड-काळं काहीतरी, ते मला पकडता येईना.

दहा मिनिटं झाली आणि बायको पहिलं म्हणाली, "गुलकंद. आणि ज्येष्ठमध, खोकल्याला चघळायचो तो." मला त्या क्षणी कळलं की लिकोरिस लिकोरिस म्हणून मी दोन वर्षं जे शोधत होतो तो ज्येष्ठमध होता. काकांना भाषांतर करून सांगितलं, मोबाइलवर मुळीचा फोटो दाखवला, त्यांनी जोरजोरात मान हलवली.

मग काकांनी तिला सरळ प्रश्न विचारला. एवढ्या वेळात त्यांनी कोणालाच काही विचारलं नव्हतं. म्हणाले, फळ आहे की सुकलंय? तुला द्राक्षं सुकताना माहीत आहेत, तू सांग, ही कुठवर आलीय?

आख्ख्या तपासणीचा गाभा हाच. जुन्या पोर्टमध्ये गुलाब येणार, तपकीर येणार, कोको येणार, ते सगळं म्हातारपणाचं देणं, सुंदर असतं. पण त्याच्याखाली मूळ फळाचा ओलेपणा शिल्लक आहे का, यावर ती पुढे किती जगेल ते ठरतं. नुसता सुकामेवा उरला असेल तर ती उताराला लागली.

तिने पाचेक मिनिटं घेतली. एलबीव्ही हुंगली, परत ८५ हुंगली, ग्लास हाताने झाकून फिरवून परत. आणि म्हणाली, "बेदाणा नाहीये. शेडमधून काढलेला माल असा वास येत नाही, त्याला एक कोरडा, धुळीचा वास असतो. हा काळा मनुका आहे, पण आत अजून गर आहे. दहाव्या-बाराव्या दिवसाचा. बोटाने दाबला तर दबेल." आणि मग थोडं थांबून, "पण अरे, वरच्या बाजूला दोन-चार दाणे पूर्ण सुकलेत."

काकांना मी हे शब्दाला शब्द सांगितलं. ते काही बोलले नाहीत, त्यांनी दुपारचा झाकलेला कागद उलटला. त्यावर रंगाखाली त्यांनी लिहिलं होतं: माथ्यावर. म्हणजे डोंगराच्या माथ्यावर.

तोंडातला भाग मी फार लांबवत नाही पण काही गोष्टी लिहायलाच हव्यात. आधी थुंकायचं, गिळायचं नाही, निदान पहिले तीन घोट. गोडी लगेच कळते, लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असते, पण ती चिकट वाटली नाही कारण मागून आंबटपणा येऊन तिला उचलतो. तो आंबट नसता तर काकवीच. एलबीव्हीचा तुरटपणा कच्च्या जांभळासारखा जिभेवर आणि हिरड्यांवर चढून बसला, ८५ चा मात्र आवळा खाऊन वर पाणी प्यावं तसा, तुरट आहे की गोड आहे कळत नाही, आणि सगळीकडे सारखा पसरलेला. मध्ये पोकळ आहे का हे मी मुद्दाम बघितलं, घोट तोंडात धरल्यावर पहिला दणका आणि शेवट यांच्या मध्ये काही वाइन गायब होतात. ही झाली नाही. घशात जाळ मात्र थोडा होता, २० टक्के अल्कोहोल कुठेतरी दिसतंच, काकांच्या मते जिथे फळ पातळ होतं तिथून तो डोकावतो, आणि हे त्यांनी लिहून ठेवलं. शेवटी एक घोट गिळून घड्याळ लावलं. चव कधी संपते ते बघायचं, हात वर करायचा. माझा हात ४० सेकंदांवर गेला, बायकोचा ४५ ला, काकांनी मिनिट उलटून गेलं तरी हात वर केला नाही, मग हसून म्हणाले अजून आहे.

एक चूक आम्ही केली ती सांगतो म्हणजे कोणी करू नये. आईने पाठवलेले साताऱ्याचे कंदी पेढे होते, मला वाटलं पेढ्याबरोबर किती छान जाईल. पेढा खाल्ला आणि वर घोट घेतला तर वाइन एकदम आंबट, पातळ, बिचारी झाली. वाइनपेक्षा गोड काही तोंडात असेल तर वाइनची गोडी मरते आणि उरतो तो आंबटपणा आणि जाळ. पाणी पिऊन, पावाचा तुकडा खाऊन, पंधरा मिनिटं थांबून परत मूळपदावर. जेवणानंतर मग सेर्रा दा एश्त्रेलाचं मेंढीच्या दुधाचं चीज आणि भाजलेल्या चेस्टनट, इथे नोव्हेंबरात साँ मार्तीन्योच्या सणाच्या दिवसांत गल्लोगल्ली भाजतात, ते दोन्ही तिच्याबरोबर इतकं सुंदर लागलं की तपासणी-बिपासणी सगळं विसरून आम्ही फक्त प्यायलो. रात्री नऊ-साडेनऊला ती सर्वांत छान होती. गुलाब मागे गेला होता आणि संत्र्याची सुकी साल पुढे आली होती, ती सहाला नव्हतीच.

डिकँटरमध्ये एक तृतीयांश मुद्दाम ठेवली. काकांचा आग्रह. दुसऱ्या दिवशी ती किती धरते यावरून बाटलीत तिला किती वर्षं आहेत याचा अंदाज येतो, तरुण व्हिंटेज उघडल्यावर दोन-तीन दिवस हसत काढते, म्हाताऱ्या काही तासांत बसतात. आणि ग्लास धुवायचे नाहीत असंही सांगून गेले.

सोमवारी सकाळी ऑफिसच्या आधी तिघांचे रिकामे ग्लास हुंगले. तळाला वाळलेला लाल थर. मध, आणि जुन्या लाकडी कपाटाचा आतला वास, काल स्पिरिटमुळे जो अजिबात कळला नव्हता. फळ नाही. डिकँटरमधली चाखली तर दुपारपर्यंत जवळपास रात्रीसारखीच, थोडी बुजरी. संध्याकाळी सातला काका आले तेव्हा मात्र बदललेली होती. मनुक्यातला गर कमी झाला होता, हे बायकोने ग्लास नाकाला लावताक्षणी सांगितलं, आणि जाळ कालच्यापेक्षा पुढे आला होता. वाईट नव्हती, अजिबात नव्हती, पण सैल पडली होती.

मी विचारलं, २०३५?

काका म्हणाले, टिकेल. पण तू तिला भेटायला जाशील तेव्हा ती तुला ओळखेल की नाही ते मी सांगू शकत नाही. आत्ता माथ्यावर आहे, माथा सपाट आहे, चार-पाच वर्षं ती तिथेच बसेल. त्यानंतर उतार, सावकाश. आणि लेकीसाठी माझी उरलेली बाटली कशाला, तिच्या सालची घे की. ती २०१७ ची. मला हे सुचलंच नव्हतं, २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन सालं बहुतेक घराण्यांनी जाहीर केली होती, तसं फार क्वचित होतं. २०३५ ला ती १८ ची होईल आणि ती वाइनही १८ चीच, तेव्हा जरा कच्चीच असेल, मग लेकीने पुढे पाहिजे तेव्हा उघडावी, पन्नाशीला उघडली तरी चालेल. दोन घेऊन ठेवणार आहे, एक चाखायला आणि एक ठेवायला, आमच्यासारखीच.

राहिलेली ८५ आम्ही परत तिच्या जागी ठेवली. आमच्याकडे मागे एक कोठीची खोली आहे, उत्तरेची ग्रॅनाइटची भिंत, उन्हाळ्यातही १८ च्या वर जात नाही. या बाटल्यांवर एका बाजूला पांढऱ्या रंगाचा एक फराटा मारलेला असतो, गोदामात आडवी ठेवताना ती बाजू वर होती याची खूण, म्हणजे हलवली तरी परत तशीच ठेवता येते आणि गाळ आपल्या जागचा हलत नाही. लेकीला ती बाटली धरायला दिली. तिने बाटली आडवी केली, फराटा बरोबर वर आहे ना ते वाकून बघितलं, आणि काकांनी पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर पेन्सिलने २०३० लिहून ती मानेला दोऱ्याने बांधली.